अर्ध्या पुस्तकांची भिंत

आमची ही पुस्तक कधी पुरं करत नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात शेवटचं पान वाचून हिने पुस्तक मिटलंय, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. अर्धं वाचेल, पाऊण वाचेल, कधी तर शेवटचं प्रकरण तेवढं उरलेलं असेल, आणि नेमकी तिथे थांबेल. कंटाळून नव्हे हं. पुस्तक मांडीवर ठेवून जरा वेळ खिडकीबाहेर बघेल, मग उठून भिंतीपाशी जाईल आणि ते फळीवर ठेवून देईल. झालं. पुन्हा त्याला हात म्हणून लावायची नाही.

मी सुतार माणूस. हाती घेतलेलं काम अर्धवट टाकलं तर मला जेवण गोड लागत नाही. त्यामुळे हिच्या या धरसोडीचा मला राग यायचा, आणि राग पोटात ठेवायची मला सवय नाही. शेवट कळायला नको का, असं विचारलं की म्हणायची, कळतो की. कुठून कळतो, ते मात्र सांगायची नाही. मी म्हणायचो, मी तुझ्यासारखं केलं असतं तर लोकांच्या घरी तीन पायांच्या खुर्च्या गेल्या असत्या. ही हसायची आणि दुसरं पुस्तक उघडायची. तेही पहिल्या पानापासून वाचेल तर शपथ. मधूनच कुठून तरी सुरू करायची, जणू आधीचं सगळं हिला कुणी सांगून ठेवलंय.

पुस्तकं हिची, पण भिंत माझी. बाहेरच्या खोलीची एक आख्खी भिंत मी हिला फळ्या ठोकून दिली होती. एका दमात नाही, जशी पुस्तकं वाढली तशी. लोकांच्या कामांतून उरलेलं लाकूड घरी आणायचं, त्यात साग असायचा, देवदार असायचा, कधी कुणाच्या मोडलेल्या पलंगाची फळीही असायची. पण जोडताना मी रेषेला रेष अशी भिडवली होती, की लांबून बघणाऱ्याला एकच लांबलचक फळी वाटावी. सांधा कुठे आहे ते मला माहीत, दुसऱ्या कुणाला शोधून सापडणार नाही. आणि इतक्या देखण्या फळ्यांवर ही पुस्तकं लावायची ती अशी की बघवत नसे. उंचाशेजारी बुटकं, पोरांच्या चित्रांच्या पुस्तकाशेजारी कुठल्याशा डॉक्टरच्या आठवणी, त्याला खेटून मधमाश्या पाळायचं पुस्तक. एकदा मी निदान उंचीप्रमाणे लावू म्हणून पुढे झालो, तर म्हणाली, "हात नका लावू." घरात हिचा एवढा एकच कायदा होता. बाकी सगळे माझे, आणि तेही हिच्या मर्जीने चालायचे.

मग हिला झटका आला. सकाळची वेळ होती, मी शेजारच्या माझ्या कामाच्या खोलीत रंधा मारत होतो. काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून गेलो, तर पुस्तक जमिनीवर उपडं आणि ही खुर्चीत एका बाजूला कललेली. पुढचं मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं, की दवाखान्याची गाडी यायच्या आधी मी ते पुस्तक उचललं, उघडलं होतं त्या पानात माझ्या अंगाला चिकटलेलं लाकडाचं सालपट घातलं, आणि गाडीत ते हिच्या उशाशी ठेवलं. असल्या वेळी माणूस काय करेल सांगता येत नाही.

जीव वाचला. उजवा हात गेला, पाय ओढत का होईना चालू लागला, पण बोलणं गेलं. सगळं गेलं, एक शब्द सोडून. तो शब्द म्हणजे "नको." चहा दिला की नको म्हणायची आणि कप हातात घ्यायची. खिडकी उघडू का विचारलं तरी नको, मिटू का विचारलं तरी नको. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी समजावलं की हा शब्द त्यांच्या मनातला नाही, तो फक्त वाटेत अडकून राहिलाय. मग त्यांनी हिच्यापुढे एक छापील कागद धरला. हिने तो घेतला, उलटा. बाई म्हणाल्या, अक्षरं यांना दिसतात, पण लागत नाहीत. बोलता येत नाही म्हणजे काय, ते मला कळत होतं. पण हिला वाचता येत नाही, हे वाक्यच माझ्या डोक्यात बसेना.

आमची लेक एका मोठ्या ग्रंथालयात कामाला आहे, पुस्तकं लावायच्याच. ती रजा काढून आली. आई घरी यायच्या आत भिंत झकास करून ठेवू, असं तिच्याच मनात आलं. मी कायद्याची आठवण दिली. ती म्हणाली, आईला पुन्हा वाचता आलं की हवं ते चटकन सापडायला नको का? ती "आलं की" म्हणाली, "आलं तर" म्हणाली नाही, म्हणून मी विरघळलो. शिवाय फळ्यांना पॉलिश करायचं माझ्या कधीचं मनात होतं. तेव्हा मी मूग गिळून पुस्तकं खाली काढून दिली, फळ्या घासल्या, पॉलिशचे हात दिले, आणि लेकीने सगळी पुस्तकं लेखकांच्या आडनावांच्या क्रमाने लावली. दुकानासारखी दिसत होती भिंत. आम्ही बापलेक लांब उभे राहून कौतुकाने बघत होतो.

ही घरी आली, काठी टेकत भिंतीपाशी गेली. डाव्या हाताने एक पुस्तक चाचपलं, मग त्याच्या शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. मग म्हणाली, "नको." ते नेहमीचं नको नव्हतं. ते कुठे अडकलेलं नव्हतं, थेट आतून आलं होतं. हिने काठीने खुर्चीकडे खूण केली, मी खुर्ची सरकवली, तर ही भिंतीकडे पाठ करून बसली.

त्यानंतर हिने सगळ्यातूनच लक्ष काढलं. दोन घास खायची आणि ताट सारायची. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, तर त्यांच्याकडे बघायचीही नाही. एक दिवस बाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की सुरुवातीचे हे महिनेच कामाचे असतात, आता यांनी मनावर घेतलं नाही तर गेलेलं परत येणं अवघड आहे. माझा जीव टांगणीला लागला. लेक तर रडकुंडीला आली. भिंतीमुळे असेल असं तिला वाटत होतं, पण पुस्तकांच्या क्रमावरून कुणी जगणं सोडेल, हे आमच्या दोघांच्याही अकलेत बसत नव्हतं.

एका सकाळी धाडधाड आवाज आला. बघतो तर ही भिंतीसमोर उभी, आणि डाव्या हाताने पुस्तकं ओढून खाली टाकतेय. लेक धावली, मी तिचा दंड धरला. म्हटलं, काढू दे राग, तेवढी तरी धुगधुगी आहे. पण राग नव्हताच तो. खालच्या फळ्या रिकाम्या झाल्यावर ही खुर्चीत बसली आणि एक एक पुस्तक मांडीवर घेऊ लागली. बांधणीच्या कण्यावर टेकवून उभं धरायची आणि सोडून द्यायची. पुस्तक आपोआप कुठे तरी उघडायचं. त्या पानावर ही तळवा ठेवायची, थोडा वेळ तसाच ठेवायची, आणि मग पुस्तक एखाद्या ढिगावर ठेवायची. एक तर हिने उलटं धरलं होतं. तेही उघडलं, हिने त्याच्यावरही तळवा ठेवला, मान हलवली आणि ते बरोबर वेगळ्या ढिगात गेलं. अक्षर एक लागत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

मग लावणं सुरू झालं. वरच्या फळीपर्यंत हिचा हात पोचत नव्हता, म्हणून आम्ही दोघं हिचे हात झालो. ही पुस्तक द्यायची, काठीने जागा दाखवायची. चुकलं की नको, बरोबर असलं की गप्प. आडनावं, उंची, जाडी, सगळं पुन्हा खड्ड्यात गेलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. वाचता येत नाही तर ओळखते कशी, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, अक्षरांची वाट बंद झालीय, दुसऱ्या कुठल्या तरी वाटेने त्या पोचतायत, पण असं मी आजवर पाहिलेलं नाही, तुम्ही फक्त थांबवू नका. आम्ही कशाला थांबवतोय. ही जेवू लागली होती.

किती तरी दिवस हेच चाललं होतं. वरच्या फळ्या भरत आल्या तेव्हा एका दुपारी लेक माझ्या हातात द्यायचं पुस्तक घेऊन जमिनीवरच बसली. आईने हे अर्धवट सोडलं तरी कुठे, ते बघत होती. ते कळायला अवघड नव्हतं. वाचलेली पानं मऊ पडून सैल झालेली, आणि पुढची कोरी करकरीत, एकमेकांना चिकटलेली. दोहोंच्या मध्ये पुस्तक आपसूक उघडत होतं. तिने ते पान वाचलं, मग त्याच्या पुढे लागणारं पुस्तक उचललं, ते जिथून मऊ होतं तिथून वाचलं.

"बाबा, खाली बसा जरा," ती म्हणाली.

मी स्टुलावरून उतरलो. तिने पहिल्या पुस्तकातलं मोठ्याने वाचलं. एक पोरगी घरातून निघून आली आहे, बोटीच्या कठड्याला धरून उभी आहे, आणि लांब किनाऱ्यावरचे दिवे दिसू लागलेत. तिथे हिने सोडलं होतं. मग लेकीने दुसरं वाचलं. लेखक वेगळा, मुलूख वेगळा, त्यातल्या मुलीचं नावही वेगळं. आणि हिने जिथून वाचायला घेतलं ते वाक्य असं होतं, की बोट धक्क्याला लागली तेव्हा तिच्याजवळ एका पिशवीखेरीज काही नव्हतं.

मी म्हटलं, योगायोग असेल. लेकीने तिसरं उघडलं. दुसऱ्यात ती मुलगी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात नोकरी मागायला उभी राहते, तिथे थांबलं होतं. तिसऱ्यात एक बाई इस्त्रीच्या वाफेत उभ्या उभ्या परकी भाषा शिकत होती. त्याच्याच शेवटच्या मऊ पानावर तिचा हात भाजतो. चौथं म्हणजे त्या डॉक्टरच्या आठवणी, आणि त्यातल्या मऊ पानांत एक भाजलेली बाई रात्रपाळीच्या नर्सशी मैत्री करते. त्याच्या शेजारी मधमाश्यांचं पुस्तक. ती गोष्टही नव्हती, पण त्यातली फक्त थोडी पानं मऊ होती, शहर सोडून डोंगरावर गेलेल्या माणसाने पहिल्या वर्षी काय करावं, त्याची. आणि पाचव्यापुढच्या सहाव्यात ती बाई डोंगरावर होती.

"नाव बदलतं, गाव बदलतं," लेक म्हणाली. "बाई तीच आहे."

मी त्या भिंतीकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरपासून खालपर्यंत, ती शेकडो पुस्तकं नव्हतीच. ते एकच पुस्तक होतं. शेकडो लोकांनी आपापल्या घरात बसून, एकमेकांना न ओळखता लिहिलेलं, आणि माझ्या बायकोने बसल्या खुर्चीत जोडलेलं. धरसोड करते म्हणून जिला मी बोलत आलो, तिने एकही गोष्ट सोडली नव्हती. पुढचं दुसरीकडे आहे एवढं कळेपर्यंत ही खिडकीबाहेर बघत बसायची, आणि मग शोधायला लागायची. रेषेला रेष भिडवली होती हिने. आणि सांध्यांचा मला एवढा गर्व, पण रोज हिच्या सांध्यांसमोर बसून चहा पिताना मला त्यातला एक दिसला नव्हता.

मी वळून हिच्याकडे पाहिलं. ही आमच्याकडेच बघत होती. चेहऱ्याची एक बाजू अजून हलत नव्हती, दुसऱ्या बाजूने हसत होती, चोरी पकडली गेल्यासारखी. मी हिच्या पायाशी तसाच बसून राहिलो.

लेकीची रजा संपली, तिला जावंच लागलं. जाताना तिने माझ्यावर काम सोपवलं. मी, ज्याने आयुष्यात मोजपट्टीवरच्या आकड्यांपलीकडे फारसं वाचलेलं नाही, तो दुपारी चष्मा लावून हिच्यासमोर बसू लागलो. आख्खी भिंत वाचायची तर दुसरा जन्म घ्यावा लागला असता, म्हणून मी फक्त सांधे वाचायचो. एका पुस्तकाचं शेवटचं मऊ पान, पुढच्याचं पहिलं मऊ पान. अडखळायचो, तर ही काठी आपटायची. कंटाळून एखादी ओळ गाळली, तर नको. वाचता येत नसलेल्या बाईपुढे ओळ गाळायची सोय नव्हती. पुस्तकांतली ती बाई तोवर म्हातारी होत चालली. तिने पूल बांधले, पोरं वाढवली, एक हरवलं, एका लढाईत सापडली, सुटली. आणि एवढं सगळं ही मनात घेऊन माझ्यासाठी चहा टाकत होती, हे आठवलं की मी पुस्तकातून मान वर करून हिला नव्याने बघायचो.

असं करत आम्ही शेवटच्या फळीच्या टोकाशी आलो. तिथे वीतभर जागा रिकामी होती. हिच्या उशाशी ठेवलेलं ते पुस्तक हिने मला फळीवर ठेवू दिलं नव्हतं, मांडीवरच असायचं. त्या दिवशी हिने ते माझ्या हातात दिलं. माझं सालपट अजून तिथेच होतं. मी वाचलं. ती बाई फार वर्षांनी एका घरासमोर आली आहे. आत कुणी आहे की नाही, तिला माहीत नाही. दारावर थाप मारायला तिने हात उचलला आहे.

तिथे सालपट. मी पुढचं पान उलटू लागलो, तर हिने ते हातानेच मिटलं. नको. मग फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला तेव्हा कळलं. त्या सकाळी हिने हे पुस्तक सोडलंच होतं. पुढचं शोधायला ही उठणार होती, तेवढ्यात झटका आला. ती बाई तेव्हापासून हात उचलून दारासमोर उभी होती, आणि दार उघडायला जे पुस्तक लागेल ते हिला आता वाचता येणार नव्हतं. भिंत पुन्हा लावायचा सगळा खटाटोप इथवर पोचायला होता.

मी शोधायचं मनावर घेतलं. लेक ग्रंथालयातून पेट्या पाठवू लागली. मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन, ज्यात दार उघडतं असं काही आहे का, म्हणून विचारू लागलो, तर दुकानदार मला वेड्यात काढायला लागला. दार उघडणारी पुस्तकं जगात पुष्कळ आहेत. लाकडी दारं, लोखंडी दारं, कोर्टाची, तुरुंगाची, स्वयंपाकघराची. मी वाचायचो, ही डोळे मिटून ऐकायची, आणि नको. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की थकवू नका. पण शोधणं थांबलं तर काय होईल, ते मला दिसत होतं. आणि एका दुपारी ते झालंच. मी पेटीतलं नवीन पुस्तक उघडत होतो, ही उठली, खुर्ची स्वतःच पायाने ढकलून फिरवली आणि भिंतीकडे पाठ करून बसली.

आणि मग राग आला. सगळ्यांचाच आला, त्या शेकडो लेखकांचा, हिचा, माझा. मी तणतणत कामाच्या खोलीत गेलो आणि माझं पुस्तक उचलून आणलं. माझ्याकडे आहेच एक पुस्तक. सुतारकामाचं. उमेदवारी करत होतो तेव्हा माझ्या उस्तादांनी दिलेलं, मुखपृष्ठ गेलेलं, सरसाचे डाग पडलेलं. म्हटलं, "माझ्याकडे हे एवढंच उरलंय. ऐकायचं तर ऐक."

ही वळली नाही. मी पुस्तक कण्यावर धरून सोडलं. ते आपोआप उघडलं, जिथे मी ते हजार वेळा उघडलं असेल तिथे. मी त्या पाठीला वाचून दाखवू लागलो.

"दार बसवण्याआधी चौकट ओळंब्यात आहे की नाही ते पाहावे. चौकट तिरकी असेल तर दाराला दोष देऊ नये. जुने दार अडकत असल्यास ते एकदम ओढू नये. ते कुठे घासते ते आधी हाताने चाचपून पाहावे."

खुर्चीचा पाय फरशीवर घासला. ही वळत होती. मी वाचायचा थांबलो. हिने हात पुढे केला आणि त्या डागाळलेल्या पानावर तळवा ठेवला. सगळा तळवा, बोटं पसरून. थोडा वेळ तसाच ठेवला.

"पुढे," ही म्हणाली.

मला वाटलं मला भास झाला. मी तोंडाकडे बघत राहिलो, तर हिने काठी आपटली.

"पुढे."

इतक्या दिवसांत दुसरा शब्द नव्हता. मला पान नीट दिसेना. चष्मा पुसला, तो पुन्हा ओला झाला, मग तसंच वाचलं. "दार आत उघडावे की बाहेर, हे आपल्या मनाने ठरवू नये. घरात राहणाऱ्याला विचारावे."

मी पुस्तकातून मान वर केली आणि हिला विचारलं.